हुमणाला म्युस्कादे, शागोतीला वुव्रे

‘मासळीला व्हाईट, मटणाला रेड’ हा वाईनचा नियम गोव्यातल्या ताटासमोर फारसा टिकत नाही, कारण आपल्याकडे मासा क्वचितच नुसता मासा असतो. हुमणात, म्हणजे नारळाच्या मासळी-आमटीत, सोलं असतात, बांगड्याच्या उड्डमेथीत मेथी आणि तिरफळं, रेशादमध्ये सुकी मिरची आणि माडाचं व्हिनेगर. वाईनची गाठ पडते ती या वाटणाशी. आत इसवण आहे की कोंबडी, हे नंतर. म्हणून बाटली निवडताना आधी ताटात आंबट किती, तिखट किती आणि नारळ किती, एवढं बघायचं.

जेवण वाईनपेक्षा आंबट असलं की वाईन पाणचट लागते, म्हणून वाईनला स्वतःचा आंबटपणा हवा. तिखटाची भानगड वेगळी. मिरचीची आग अल्कोहोलने आणखी भडकते. १२ टक्क्यांची वाईन आणि साडेचौदा टक्क्यांची वाईन यांतला फरक शागोतीच्या दुसऱ्या घासाला कळतो. रेडमधल्या टॅनिनमुळे, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणाऱ्या तुरट द्रव्यामुळे, तोंड कोरडं पडतं, आणि आधीच पोळलेल्या जिभेवर ते खरखरीत, कडवट लागतं. नारळाच्या रसाचा साय धरल्यासारखा थर जिभेवर बसतो, तो कापायलाही आंबटपणाच लागतो. थोडक्यात, गोव्याच्या जेवणाला आंबट, हलकी आणि जमल्यास किंचित गोडसर वाईन हवी. फ्रान्समध्ये अशा बाटल्या एकाच भागात शोधायच्या तर लुआर नदीचं खोरं गाठावं.

ही नदी साधारण १,००० किलोमीटर वाहून नाँत शहराच्या पुढे अटलांटिकला मिळते. फ्रान्सच्या हिशेबाने हा उत्तरेकडचा, थंड पट्टा. द्राक्षं सावकाश पिकतात, आंबटपणा टिकून राहतो, अल्कोहोल बहुतेक वेळा १२ ते १३ टक्क्यांच्या आसपास. दुकानात हात आधी बोर्दो या दुसऱ्या फ्रेंच भागाच्या रेडकडे जातो, नाव मोठं म्हणून. पण ओक पिंपात मुरलेली, टॅनिनने भरलेली बोर्दो आणि बांगड्याचं हुमण हे जमणारं लग्न नाही. कोणी भेट दिलीच असेल तर मीठ-मिरी लावून भाजलेल्या मटण चॉप्ससाठी ठेवा. मांसातलं प्रथिन आणि चरबी टॅनिनला मऊ करते.

लुआरच्या लेबलवर बहुतेक वेळा द्राक्षाऐवजी गावाचं किंवा भागाचं नाव असतं, त्यामुळे कुठल्या नावामागे कुठलं द्राक्ष हे लक्षात ठेवावं लागतं.

म्युस्कादे ही नाँतजवळची व्हाईट. द्राक्षाचं नाव मलों द बुर्गोन्य. १७०९ च्या भयंकर हिवाळ्यात तिथल्या बागा गोठून मेल्या, त्यानंतर थंडीला दाद न देणारं हे द्राक्ष त्या भागात पसरलं. लेबलवर ‘म्युस्कादे सेव्र ए मेन’ आणि खाली ‘सूर ली’ असं असेल तीच बाटली घ्या. सूर ली म्हणजे आंबवण झाल्यावर तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावर वाईन निदान एक हिवाळा ठेवायची आणि गाळावरूनच बाटलीत भरायची. त्याने पातळ वाईनला थोडं अंग येतं, जिभेला हलकी चिमटही जाणवते. वास फारसा नाही, चव लिंबाची आणि खारट वाऱ्याची. नुसती प्यायली तर ‘यात काय आहे?’ असं वाटेल. तिसऱ्या, कालवं, रवा लावून तळलेली लेपो समोर आली की तिचं काम कळतं. साध्या, सोलं घातलेल्या हुमणालाही हीच.

तिसऱ्यांना ती भांड्यातही चालते. एक किलो तिसऱ्या लिटरला ३० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात तासभर ठेवा, वाळू सोडतात. पाणी ओतून न देता तिसऱ्या हाताने उचलून काढा, नाहीतर तळाची वाळू परत अंगावर बसते. एक मोठा चमचा खोबरेल, एक बारीक चिरलेला कांदा, चार-पाच ठेचलेल्या लसणी, दोन हिरव्या मिरच्या. कांदा पारदर्शक झाला की १०० मिली म्युस्कादे, अर्धा मिनिट उकळी, मग तिसऱ्या आणि वर झाकण. मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटांत तोंडं उघडतात. न उघडलेल्या फेकून द्या. वरून अर्धी वाटी ओलं खोबरं. सोलं घालू नका, आंबटपणा वाईनने आधीच दिलेला असतो. मीठ शेवटी चाखूनच, कारण तिसऱ्यांचं पाणी आधीच खारट असतं. ॲल्युमिनियमचं भांडं मात्र टाळा, आंबट वाईनने धातूची चव उतरते.

आता वुव्रे. गोव्याच्या स्वयंपाकाला एकच फ्रेंच व्हाईट निवडायची म्हटलं तर आमचं मत हिलाच. तूर शहराच्या पूर्वेला, चुनखडीच्या मऊ दगडावरच्या या बागा. द्राक्ष शेनँ ब्लाँ, नाशिकमुळे आपल्याला ओळखीचं. शेनँची खासियत अशी की साखर कितीही असो, आंबटपणा खाली सोडत नाही. त्यामुळे एकाच गावात कोरडी ते गोड असे सगळे प्रकार निघतात. लेबलवरचे शब्द असे वाचा: ‘सेक’ म्हणजे लिटरमागे साधारण ४ ग्रॅमपर्यंत साखर, आंबटपणा जास्त असेल तर ९ पर्यंत चालते. ‘दमी-सेक’ त्यापुढे १२, आणि त्याच सवलतीने १८ ग्रॅमपर्यंत. ‘मोएलो’ १२ ते ४५, त्यावर ‘दू’. अडचण अशी की बऱ्याच बाटल्यांवर नुसतं ‘वुव्रे’ लिहिलेलं असतं. मागचं लेबल वाचा, दुकानदाराला विचारा. अंदाजाने घेतली आणि गोड निघाली की घरचे ‘सरबत आणलंय’ म्हणतात.

शागोतीला दमी-सेक. भाजलेलं खोबरं, खसखस, लवंग, जायफळ, सुकी मिरची या सगळ्याला तोंड द्यायला कोरडी वाईन कमी पडते. थोडी साखर मिरचीची धार बोथट करते आणि भाजलेल्या खोबऱ्याशी जुळते. गोड वाईन म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांसाठी हिशेब: लिटरला १५ ग्रॅम म्हणजे १२५ मिलीच्या ग्लासात दोन ग्रॅमही नाही, चहाचा अर्धा चमचा भरत नाही. सुंगटांचं आंबट-तीक, रेशाद भरलेला बांगडा यांनाही हीच. भाज्यांच्या खतखत्यालाही, कारण त्यात गूळ असतो, आणि जेवण वाईनपेक्षा गोड झालं की कोरडी वाईन एकदम आंबटढाण लागते. विंदालूपुढे दमी-सेकही कशीबशीच उभी राहते; तिखट हात असलेल्या घरात तिथे सरळ बिअर घ्या.

वुव्रेची फसफसणारी बाटलीही मिळते, शँपेनसारखी बाटलीतच दुसरं आंबवण केलेली. लेबलवर ‘मेथोद त्रादिस्योनेल’ आणि ‘ब्रूत’ (म्हणजे कोरडी) शोधा. तळणीला यासारखं दुसरं काही नाही. रव्यातलं इसवण, चणकाची तळलेली तुकडी, आणि जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असताना ताटात येणारी सुक्या सुंगटांची किसमूर. सुक्या मासळीत चवीचा अर्क इतका दाट असतो की त्याच्यासोबत रेड कडू होते. बुडबुडे आणि आंबटपणा तो सहज पेलतात.

साँसेर ही लुआरचीच आणखी एक व्हाईट, पण इथे महाग पडते आणि तिचं सॉव्हिन्याँ ब्लाँ आपल्या वाटणात अर्धं हरवतं. नारळ नसलेल्या, फक्त लिंबू-मीठ लावून भाजलेल्या पापलेटला छान. बाकी पैसे वुव्रेवर घाला.

रेडमध्ये शिनों. द्राक्ष कॅबर्ने फ्राँ. नदीकाठच्या वाळू-खडीवरच्या बागांतली हलकी, लवकर प्यायची. चुनखडीच्या उतारावरची जास्त टॅनिनची, तिला काही वर्षं द्यावी लागतात. आपल्याला पहिली हवी, म्हणून अलीकडच्या सालाची आणि ओकचा उल्लेख नसलेली बघा. कॅबर्ने फ्राँमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा वास असतो. तो पायराझीन नावाच्या द्रव्यांचा, आणि द्राक्ष कमी पिकलं तर जास्त. अनेकांना तो दोष वाटतो. पण कोंबडीचं काफ्रियाल करताना कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण, लिंबू यांचं जे वाटण लागतं, त्याच्याशी हा हिरवा वास असा मिळतो की दोष म्हणवत नाही. चोरीस-पावालाही शिनों: चरबी टॅनिनला सांभाळते, व्हिनेगरला वाईनचा आंबटपणा. डुकराच्या सोर्पोतेललाही हीच, पण ते केल्या दिवशी बाटली उघडू नका. दोन-तीन दिवसांत व्हिनेगर मुरलं की मग.

बांगडा आणि तारली या तेलकट मासळीसोबत मात्र कुठलीही रेड टाळा. तोंडात जो लोखंडी, कुबट वास भरतो त्याचा दोष बऱ्याचदा मासळीवर येतो. तो वाईनमधल्या लोहाचा मासळीतल्या चरबीवर होणारा परिणाम असतो, हे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं. ताज्यातली ताजी मासळी आणली तरी तो जात नाही.

बाटली उघडायची त्या दिवशी वाटणातही थोडा हात आखडावा लागतो. अर्धा किलो मासळीच्या हुमणात पाच-सहा सोलं घालत असाल तर तीन-चार. तिरफळं निम्मी करा. जीभ बधिर झाली की वाईनचं बारीक काम कळत नाही. कच्चा कांदा आणि लोणचं ताटातून बाजूला. सोलकढी जेवण संपल्यावर, वाईनबरोबर अजिबात नको: आंबट, लसूण आणि नारळ एकत्र आले की म्युस्कादेचं पाणी होतं.

सगळं जुळूनही वाईन बिघडते ती तापमानाने. रेड ‘खोलीच्या तापमानाला’ ही सूचना १६-१७ अंशांच्या खोलीची आहे, म्हापशाच्या मे महिन्याची नाही. तीस अंशांवर शिनोंमधून आधी अल्कोहोलच नाकात जातं. ती १४ ते १६ अंशांवर हवी: फ्रीजमध्ये सव्वा ते दीड तास. म्युस्कादे ८-९ वर, वुव्रे १०-१२ वर, म्हणजे अडीच-तीन तास. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ. व्हाईट वीस मिनिटांत, रेड आठ-दहा मिनिटांत तयार. नुसत्या बर्फाने होत नाही, बाटलीला सगळीकडून पाणी टेकावं लागतं. ग्लास एक तृतीयांशच भरा, आपल्या हवेत उरलेली वाईन पिण्याआधीच कोमट होते.

विकत घेतानाही हेच भान हवं. आयात वाईनवर २०२१ मध्ये ५० टक्के सीमाशुल्क आणि १०० टक्के कृषी अधिभार लागू झाला, म्हणजे बाटली स्वस्त नाही, आणि उन्हात उभी राहिलेली बाटली त्या पैशांची माती करते. काचेच्या दर्शनी कपाटातली, उन्हाकडच्या फळीवरची घेऊ नका. बूच वर आलेलं दिसलं, किंवा टोपणाखाली चिकट ओघळ लागला, तर वाईन तापून फुगलेली आहे. म्युस्कादे गडद पिवळी दिसली आणि उघडल्यावर शिजवलेल्या सफरचंदाचा वास आला तर तीच गोष्ट. आणल्यावर स्कूटरच्या डिकीत दुपारभर ठेवू नका. घरी फ्रीजवर नको, खालच्या अंधाऱ्या कपाटात आडवी.

बेबिंकाला मोएलो वुव्रे हवी असं कोणी सांगेल. बेबिंका तिच्यापेक्षा कितीतरी गोड असते, वाईन आंबट लागते. त्यापेक्षा लुआरचीच, खूप जास्त साखरेची कोतो द्यु लेयाँ मिळाली तर ठीक, नाहीतर काळी कॉफी करा.

उरलेली वाईन बूच लावून लगेच फ्रीजमध्ये, रेडसुद्धा. ओट्यावर राहिली तर दुसऱ्या दिवशीच उतरते. म्युस्कादे आणि शिनों दोन-तीन दिवस, दमी-सेक चार-पाच, फसफसणारी दुसऱ्या दिवशीच संपवा. त्यापुढची म्युस्कादे पुढच्या तिसऱ्यांच्या भांड्यात.