पोळं कधी जाळता?

"बरं झालं आले बाप्पा! चौथ्या माळ्यावरचं पोळं कधी जाळता?"

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका सोसायटीत मधमाशा वाचवायची पत्रकं वाटत होतो. काकांनी मथळ्यात 'मधमाशी' एवढंच वाचलं असावं. आम्हाला ते औषध मारणारे समजले.

पोळं आग्या मोहोळाचं. मोसम सरला की या माशा आपल्या आपण निघून जातात, तोवर फक्त छेडू नका, असं सांगितलं. काका हूं हूं करत राहिले.

मग त्यांनी गॅलरीतला कोहळ्याचा वेल दाखवला. "फुलं भरमसाठ, फळ एक नाही." मादी फुलामागचं सुपारीएवढं फळ पिवळं पडून कुंडीत गळलेलं. कोहळ्याचं नर फूल वेगळं, मादी वेगळं. सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्या वेळात कुणीतरी पराग इकडून तिकडे न्यायला हवा. हे समजावलं तेव्हा कुठे काकांनी चष्मा लावून पत्रक वाचलं. (आमचं पत्रक चार पानी, चूक आमचीच.)

निघताना म्हणाले, "मंग त्यायले सांगा ना, फुलावर बसा, भिंतीवर नका बसू!"

हसलो खरं. पण पोळं राहील का हो तिथं?