माशांच्या खाद्यातील वनस्पतींचे अर्क: उपचार नव्हे, पूर्वतयारी

आजारी मासा सर्वांत आधी खाणे सोडतो. मत्स्यपालनात औषध बहुधा खाद्यातूनच द्यावे लागते, त्यामुळे ज्या माशाला त्याची सर्वाधिक गरज असते त्याच्याच पोटात ते सर्वांत कमी जाते. वनस्पतींच्या अर्कांचा विचार मी उपचारापेक्षा प्रतिबंधासाठी करतो, त्याचे पहिले कारण हेच आहे.

एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू गोड्या पाण्यात सर्रास आढळतो. निरोगी माशाच्या आतड्यातही तो असू शकतो. मासे दाटीने वाढवले, पाण्यातील प्राणवायू घटला, अमोनिया वाढला किंवा हाताळताना खवले निघाले, की तोच जिवाणू रक्तात शिरतो आणि मग अंगावर रक्ताळलेले चट्टे व जखमा दिसू लागतात, पोटात पाणी साठते. त्याला तळ्यातून कायमचे घालवता येत नाही. माशाची प्रतिकारशक्ती मात्र वाढवता येते.

माशांच्या शरीरात प्रतिपिंडे, म्हणजे ठरावीक जंतूला ओळखून त्याला रोखणारी प्रथिने, तयार होण्यास वेळ लागतो, थंड पाण्यात तर अधिकच. तोपर्यंतचा भार जन्मजात प्रतिकारशक्तीवर, म्हणजे जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशी, जिवाणूंचे कवच फोडणारे लायसोझाइम हे विकर आणि त्वचेवरील बुळबुळीत थर यांच्यावर असतो. लसूण, हळद, तुळस, पेरूची पाने यांचे अर्क काही आठवडे खाद्यातून दिल्यावर या घटकांची क्रियाशीलता वाढल्याचे आणि नंतर मुद्दाम जिवाणूंचा संसर्ग घडवला असता मरतूक कमी झाल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे.

मी याच शेवटच्या कसोटीला महत्त्व देतो. काचेच्या बशीत अर्काभोवती जिवाणू वाढले नाहीत, एवढ्यावरून तो अर्क माशाच्या पचनसंस्थेतून पार होऊन उपयोगी पडेल असे ठरत नाही. समजा, अर्क न दिलेल्या 100 माशांपैकी 60 दगावले आणि अर्क दिलेल्या 100 पैकी 24, तर 60 पैकी 36 मृत्यू टळले, म्हणजे सापेक्ष संरक्षण 60 टक्के झाले. तळ्याच्या दृष्टीने हा आकडा बोलका आहे.

मात्रेबाबत मला काळजी वाटते, कारण ‘वनस्पतीजन्य’ म्हणजे निरुपद्रवी असे समजून हात सैल सोडला जातो. डेरिस या वेलीच्या मुळांतील रोटेनोन हे विष माशांना मारण्यासाठीच वापरतात, आणि कडुनिंबाचा अर्कही प्रमाण वाढल्यास माशांना विषारी ठरतो. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या अर्काचाही जादा मात्रेत लाभ घटू शकतो. शिवाय लसूण ठेचल्यावर तयार होणारे ॲलिसिन हे जंतुरोधक द्रव्य उष्णतेने लवकर नष्ट होते, म्हणून असा अर्क खाद्याच्या गोळ्या बनवणाऱ्या गरम यंत्रातून काढायच्या मिश्रणात न घालता, त्या गोळ्या थंड झाल्यावर थोड्या तेलासोबत त्यांच्यावर चढवणे योग्य.

अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, यानेही त्यात काय उतरते ते बदलते. हळदीतील कर्क्युमिन हा क्रियाशील घटक पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्यामुळे ज्या प्रयोगाच्या वर्णनात अर्क काढण्याची रीत, वनस्पतीचा भाग आणि खाद्यातील प्रमाण दिलेले नसते, त्याचे निष्कर्ष कितीही आकर्षक असले तरी मी ते तळ्यावर वापरत नाही.