दुसरी भरती

कृष्णविवराजवळून जाणारा तारा कसा फाटतो, हा माझ्या अभ्यासाचा विषय. ताऱ्याची कृष्णविवराकडची बाजू जास्त जोराने खेचली जाते, पलीकडची कमी. हा फरक ताऱ्याच्या स्वतःच्या गुरुत्वाला भारी पडला की तारा उसवतो. साधारण अर्धा वायू कायमचा बाहेर फेकला जातो, उरलेला वळून आत पडतो आणि त्या दीर्घिकेचं केंद्र काही महिने झगझगत राहतं. या बलाला आम्ही भरतीबलच म्हणतो. हे आधी सांगितलं, कारण रत्नागिरीत माझी चूक नेमकी इथेच झाली.

कॉलेजातलं व्याख्यान तीनला होतं. स्वागत, शाल, श्रीफळ यांत पंचवीस मिनिटं गेली. मुलं लांबून एसटीने येतात, त्यांच्या वेळेतूनच ही मिनिटं कापली जातात, याचा मला दरवेळी राग येतो.

माझा आवडता भाग आकड्यांचा. दहा सूर्यांइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचं क्षितिज, म्हणजे जिथून प्रकाशही परत येत नाही ती सीमा, 30 किलोमीटर त्रिज्येचं. तिथे पाय पुढे करून पडणाऱ्या माणसाच्या डोक्यावरच्या आणि पायांवरच्या खेचेतला फरक पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सुमारे 2 कोटी पट. क्षितिज गाठायच्या कितीतरी आधीच माणूस तुटतो. पण 2019 साली ज्याचं छायाचित्र आलं, ते एम 87 या दीर्घिकेतलं कृष्णविवर साडेसहा अब्ज सूर्यांचं. तिथे हा फरक जाणवणारही नाही. जितकं मोठं, तितकं क्षितिजापाशी सौम्य. सभागृह एकदम शांत झालं होतं.

आणि मग मी म्हणाले, “तुम्हाला काय सांगायचं? चंद्र पाणी ओढतो, भरती येते. तसंच हे.”

प्रश्नांच्या वेळी मागच्या बाकावरची मुलगी उठली. “मॅडम, चंद्र ओढतो तर भरती एकदाच यायला हवी ना? आमच्याकडे दोनदा येते. बाबा तिथीची पाऊणपट करून वेळ काढतात. आज दशमी, म्हणजे साडेसात. सकाळी पण आलेली.”

“विषयाला धरून विचार,” संयोजक प्राध्यापक म्हणाले. तासाभरात विषयाला धरून आलेला तो एकमेव प्रश्न होता. आणि मी काय केलं? घड्याळाकडे पाहून म्हणाले, “आपण नंतर बोलू.” आभारप्रदर्शन संपेस्तोवर तिची एसटी गेली होती.

उत्तर दोन वाक्यांचं होतं. चंद्र जवळचं पाणी पृथ्वीपेक्षा जास्त खेचतो आणि पृथ्वीला पलीकडच्या पाण्यापेक्षा जास्त खेचतो, म्हणून पलीकडचं पाणी मागे राहतं आणि तिथेही फुगवटा येतो. तारा दोन्ही बाजूंनी ताणला जातो तो याच कारणाने. ओढ नव्हे, ओढीतला फरक! माझं सगळं संशोधन या एका शब्दावर उभं आहे आणि सोपं करण्याच्या नादात मी तोच गाळला. तेही अशा मुलांसमोर, ज्यांच्या घरात दोन्ही भरत्यांचा हिशोब रोज होतो.

संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवर गेले. भांगाचे दिवस, भरती काही मोठी नव्हती. तरी दुपारी उघडे पडलेले कालवांचे खडक साडेसातच्या सुमाराला पाण्याखाली होते. वद्य दशमी. आकाशात चंद्र नव्हता. तो पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे होता. त्या मुलीची भरती समोर होती आणि ती तिथे नव्हती.