तुम्ही विचारलंत म्हणून : हिरवी बेरेट आणि लाकडी हात

“मॅडम, फॉरेन लीजनच्या पॅराशूट रेजिमेंटमध्ये कसं जायचं?”

फॉरेन लीजन म्हणजे परदेशी माणसांना शिपाई म्हणून घेणारी फ्रान्सची फौज. मी पुण्यात फ्रेंच शिकवते. दर बॅचला हे विचारणारा एक तरी मुलगा असतोच. बहुतेकदा आपल्याकडच्या भरतीत उंची नाहीतर छाती कमी पडलेली असते आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहून झालेले असतात. मुली विचारत नाहीत. शिपाई म्हणून तिथे बायकांना घेतच नाहीत.

आधी कोरडं उत्तर. वय साडेसतरा ते साडेएकोणचाळीस. स्वतः फ्रान्सला जाऊन भरती केंद्राच्या दारात उभं राहायचं. भरतीला पैसे पडत नाहीत, तेव्हा एजंट म्हणून कोणी भेटला तर तो लुबाडणारा समजा. पहिला करार 5 वर्षांचा. फ्रेंच आलंच पाहिजे असंही नाही, ते तिथे शिकवतात (हे सांगताना माझी एक फी बुडते). सुरुवातीचं शिक्षण दक्षिण फ्रान्समधल्या कास्तेलनोदारीला, मग पॅराशूटवाल्यांत निवड झालीच तर कोर्सिका बेटावरचं काल्वी. तिथे दुसरी परदेशी पॅराशूट रेजिमेंट असते. फ्रान्सचे बाकीचे पॅराट्रूपर लाल बेरेट टोपी घालतात, ही माणसं लीजनची हिरवी.

“दुसरी? मग पहिली कुठे आहे?” असं क्वचित कोणी विचारतं. विचारलं की मी खडू खाली ठेवते.

दोन्ही जन्मल्या 1948 मध्ये, अल्जीरियात, बटालियन म्हणून. लगेच रवानगी इंडोचायनाला, म्हणजे आजच्या व्हिएतनामकडच्या तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीतल्या युद्धावर. 1950 च्या ऑक्टोबरात चिनी सरहद्दीजवळच्या डोंगरांत पहिली बटालियन जवळजवळ पुसली गेली. ती पुन्हा उभी केली आणि दिएन बिएन फूच्या खोऱ्यात उतरवली. 1954 च्या एप्रिलमध्ये, सगळीकडून वेढा पडलेला असताना, दुसऱ्या बटालियनने त्याच खोऱ्यात उड्या टाकल्या. 23 एप्रिलला एक ठाणं परत घ्यायला गेली आणि इतकी माणसं गेली की दोन्ही बटालियनांच्या उरलेल्या माणसांची मिळून एकच करावी लागली. 7 मे रोजी दिएन बिएन फूचा अख्खा तळच पडला. काल्वीच्या छावणीला नाव आहे ते मेजर रफाल्लींचं. दुसऱ्या बटालियनचे हे कमांडर 1952 मध्ये त्याच युद्धात गेले.

पुढे दोन्हींच्या रेजिमेंट झाल्या आणि अल्जीरियाच्या फ्रान्सविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात उतरल्या. ते युद्ध काही अभिमानाने सांगावं असं नाही. छळछावण्या, बेपत्ता माणसं, सगळं त्यात आहे, आणि पॅराशूटवाले त्यापासून लांब नव्हते. मुलांना हा भाग ऐकायचा नसतो. मी सांगतेच. 1961 च्या एप्रिलमध्ये अल्जीरिया सोडायला निघालेल्या फ्रान्सच्या अध्यक्ष द गॉलविरुद्ध काही सेनापतींनी बंड केलं, तेव्हा पहिली रेजिमेंट बंडाच्या पुढच्या फळीत होती. बंड चार दिवसांत कोसळलं. 30 एप्रिलला रेजिमेंट बरखास्त झाली. अल्जीरियातल्या जेराल्दाच्या छावणीतून ट्रक निघाले तेव्हा सैनिक फ्रेंच गायिका एदित पियाफचं ‘मला कशाचाच पश्चात्ताप नाही’ गात होते. नकारार्थी वाक्यं शिकवताना मी हेच गाणं लावते. मागची गोष्ट कळली की वर्गातलं गुणगुणणं जरा थांबतं.

आता 30 एप्रिल ही तारीख बघा. लीजनमध्ये हाच सर्वांत मोठा सण, कामरोनच्या लढाईचा. 1863 मध्ये, फ्रान्सने मेक्सिकोवर केलेल्या स्वारीत, पुएब्लाच्या वेढ्याकडे सोनं आणि तोफा नेणाऱ्या काफिल्यासाठी वाट मोकळी ठेवायला कॅप्टन दांजू 62 शिपाई आणि दोन अधिकारी घेऊन निघाला आणि एका वाड्यात सुमारे 2000 मेक्सिकन सैनिकांनी त्याला कोंडलं. दिवसभर लढून जवळजवळ सगळे पडले. काफिला निसटला. वर्गात कोणीतरी “पावनखिंड!” म्हणतंच. मी म्हणते, थांब, बाजीप्रभू आपल्या राजासाठी लढत होते, हे दुसऱ्याच्या देशात तिसऱ्याच्या बादशाहीसाठी. दांजूचा डावा हात आधीच एका अपघातात गेला होता, तो लाकडी हात लावायचा. तो हात नंतर सापडला. आज फ्रान्समध्ये ओबान्यला, लीजनच्या मुख्यालयात, पेटीत ठेवलेला आहे आणि दर 30 एप्रिलला मिरवणुकीने बाहेर काढतात. विजयाचा नव्हे, हरलेल्या लढाईचा हात. ही फौज हारच जपते, असं मला हळूहळू वाटायला लागलंय.

उरलेली दुसरी रेजिमेंट 1967 मध्ये काल्वीला आली. तिच्या कंपन्यांनी कामं वाटून घेतली आहेत: कोणी शहरातली लढाई, कोणी डोंगर, कोणी पाणी. 1978 च्या मे महिन्यात झाईरमधलं (आजचं काँगो) कोल्वेझी हे खाणींचं गाव बंडखोरांनी घेतलं, तेव्हा तिला तिकडे धाडलं. हवाई छत्र्या अमेरिकन मिळाल्या. सामानाच्या फ्रेंच पिशव्या त्यांना बसेनात, म्हणून तारेने बांधल्या आणि 19 मेच्या दुपारी उड्या मारल्या. शेकडो गोरे आणि काळे रहिवासी तोवर मारले गेले होते. हजारो वाचले. रेजिमेंटची 5 माणसं गेली. (1971 च्या बांगलादेश युद्धात आपल्या सैनिकांनी पॅराशूटने उड्या मारल्या ते टांगाइल त्याच्या साडेसहा वर्षं आधीचं. तिथे उतरलेली 2 पॅरा मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. हे मात्र मुलांना माहीत नसतं.)

गेल्या जूनमध्ये एकाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “दिवाळीला सुट्टी असते का?”

दिवाळीचं माहीत नाही, पण नाताळचं सांगितलं. त्या रात्री अधिकारी बायकापोरांना घरी ठेवून शिपायांबरोबर जेवतात, कारण शिपायांना घर हेच. लीजनचं ब्रीदच तसं आहे, ‘लीजन हाच आमचा देश’. कंपन्या येशूजन्माचे देखावे करतात, त्यांची स्पर्धा लागते, आणि कसलेले कॉर्पोरल शेळ्यामेंढ्या रंगवत बसतात.

तो जरा गप्प बसला. मग म्हणाला, “गणपतीसारखंच की हो.”

पुढच्या बॅचला नाव घातलंन. फ्रेंच बी-वन पातळीपर्यंत करायचं म्हणतोय.