ती समोर उभी राहिली नाही

बास्केटबॉलचा सामना. चौथ्या क्वार्टरची शेवटची 40 सेकंदं, एका गुणाचा फरक. फाउलची शिट्टी वाजली आणि आमचे कोच रेषेपर्यंत धावत आले. आवाज चढलेला, हात हवेत. वागणुकीबद्दल एक टेक्निकल फाउल आधीच मिळालेला. तसाच दुसरा मिळाला असता तर थेट कोर्टाबाहेर.

रेफरी तरुण होती. ती जवळ आली, पण समोर नाही, त्यांच्या शेजारी उभी राहिली. नजर खेळाडूंवरच. हळूच म्हणाली, "सर, तुम्हाला काय दिसलं ते सांगा."

कोचचा आवाज एकदम खाली आला.

निर्णय बदलला नाही. आम्ही हरलोही.

पण तिचं ते शेजारी उभं राहणं अजून डोक्यातून जात नाहीये. वाद होतो तेव्हा मी कुठे उभा असतो?