कोट उतरला, आता शर्टाची परीक्षा

रोज सूट घालणाऱ्याला सकाळी कपड्यांचा विचार करावा लागत नाही. मुंबईत एका वित्त कंपनीत होतो तेव्हा माझं ठरलेलं होतं: राखाडी, नेव्ही, कोळशी, पुन्हा राखाडी. पांढरा नाही तर फिका निळा शर्ट, टाय, काळे बूट, की निघालो. मग सोलापुरात परत आलो, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात निर्यातीचं काम धरलं आणि पहिल्याच आठवड्यात गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "साहेब, आज कुणाचं लगीन?"

बिचाऱ्याने सरळ मनाने विचारलं होतं. आपल्याकडे कोट म्हणजे एक तर वकील, नाही तर नवरदेव. अडचण वेगळीच होती. जॉबवर माल विणून देणारे कारखानदार माझ्यासमोर बसले की ताठ व्हायचे, दर सांगताना अडखळायचे आणि मी उठून गेलो की खरा दर मालकांना सांगायचे. शेवटी मालकच म्हणाले, "टाय सोडा आता. पण बायर आला की टापटीप दिसलं पाहिजे, ते बघा." मोठमोठ्या कंपन्या ज्याला 'स्मार्ट कॅज्युअल' म्हणतात त्याची याहून नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही.

सूट सुटायला ऊनही कारणीभूत होतंच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, आणि कोट बाहेरून लोकरीचा असला तरी आतलं पूर्ण अस्तर पॉलिस्टरचं. घाम जायला वाटच नाही.

घरी कपाट उघडून सूट पलंगावर मांडले. मनात असं होतं की कोट वेगळे, पँटी वेगळ्या, जोड्या फिरवायच्या, नवीन काही घ्यायला नको. कन्ना चौकाच्या अलीकडे एक जुने तेलुगू टेलर आहेत, त्यांना सगळे मामाच म्हणतात. मी गठ्ठा टाकल्यावर त्यांनी कोळशी कोट उलटा केला, अस्तराची शिवण दोन बोटं उसवली आणि आत दाखवलं: खांद्यात जाड पॅड, छातीला पेस्टिंग, म्हणजे आतून गोंदाने चिकटवलेलं कापड. "ह्याचा खांदा काय हलत नाही बघा साहेब. कंबर आत घेतो, बाही आखूड करतो. खांद्याला हात लावला की बाह्या, कॉलर, सगळं उसवलं. त्यापेक्षा नवा शिवा की वो." पेस्टिंगचा कोट ड्रायक्लीनला जाऊन जाऊन छातीवर फुगे धरतो, तेही त्यांनी अंगठा फिरवून दाखवलं. एक फुगा आलाच होता.

सूटचा कोट ब्लेझर म्हणून का चालत नाही, हे मात्र कारखान्यातल्या विव्हिंग मास्टरांनी समजावलं. हा माणूस टॉवेल चिमटीत धरून वजन सांगतो, आणि काट्यावर ठेवलं तर फार फरक पडत नाही. माझ्या कोटाची कड त्यांनी तशीच चोळली. "बारीक सूत, गुळगुळीत, चमक आहे. ह्याला खाली ह्याचीच पँट पाहिजे. वेगळी घातली की अर्धा सूट हरवल्यासारखं दिसतं." नेव्हीपैकी एक जरा जाड, जाळीदार विणीचा होता, तोच तेवढा पास झाला. त्याची चकचकीत बटणं काढून मामांनी तपकिरी लावली, पॅड पातळ केले, पाठीचं अस्तर अर्ध्यावर कापलं. आता तो संध्याकाळच्या जेवणांना चालतो. राखाडी पँटी मात्र सगळ्या कामाला आल्या. पायाशी मोहरी सतरा इंचांची पंधरा केली, उंची जराशी कमी केली आणि बुटावर पडणारी घडी गेली. फक्त पँट एकटी वापरून एकटीच धुवायला टाकली की तिचा रंग कोटापासून फारकत घेतो, तेव्हा तो सूट मोडला असंच धरून चालायचं.

खरी अडचण पुढे सुरू झाली. कोट पुष्कळ सांभाळून घेतो. खांदे उतरते असोत, पोट सुटलेलं असो, शर्ट पाठीत फुगलेला असो, वरून कोट चढला की सगळं माफ. तो उतरल्यावर माझे मुंबईतले महागडे शर्ट गणपतीच्या मांडवासारखे दिसायला लागले. कॉलरचंही तेच. टायसाठी केलेल्या कॉलरचं वरचं बटण सोडलं की ती दोन्हीकडे आडवी पडते. लोक म्हणतात कॅज्युअल म्हणजे सोपं. माझ्या मते मापाच्या बाबतीत ते सूटपेक्षा कडक आहे, कारण लपायला जागाच उरत नाही.

म्हणून शर्ट शिवूनच घ्यायचे ठरवले. आपलं गाव शाळांच्या गणवेशांपासून सगळं शिवून बाहेर पाठवतं, इथे राहून रेडिमेडच्या मापात स्वतःला कोंबायचं कशाला? नवी पेठेत कापड घ्यायला जाताना मास्टरांना बरोबर नेलं. पॉपलिन त्यांनी बाजूला सारलं: पातळ, गुळगुळीत, ऑफिसचंच वाटतं. ऑक्सफर्डचा ठाण काढायला लावला आणि भिंग लावून दाखवलं, दोन ताणे जोडीने चालतात आणि त्यांवर जाडसर बाणा, त्यामुळे कापडाला दाणा येतो. त्या दाण्यामुळेच शर्ट टायशिवाय पूर्ण वाटतो. पँटसाठी चिनोचं कापड, ट्विल, त्यावर तिरक्या रेघा स्पष्ट दिसतात. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, अठ्ठावन्न इंच असेल तर फुल शर्टाला 1.60 मीटर पुरतं, छत्तीस असेल तर 2.25 घ्यावं लागतं. पँटीला अठ्ठावन्न पन्ह्यात 1.20 ते 1.30. सुती कापड शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवायचं. दुकानदार "आटत नाही" म्हणतोच, त्याचं ऐकायचं नाही.

मामांनी माप घेताना मला सरळ उभं राहू दिलं नाही. "रोज उभारताय तसं उभारा. पोट आत घेऊ नका." तीरा, म्हणजे खांद्यापासून खांद्यापर्यंतचं माप, दोनदा मोजला. कॉलरच्या पट्टीत कडक बकरम घातलं आणि दुसरं बटण अर्धा इंच वर घेतलं. ही अर्धा इंचाची गोष्ट मला कुठल्याच ब्रँडच्या दुकानात कुणी सांगितली नव्हती. वरचं बटण उघडं ठेवलं तरी छाती दिसत नाही आणि गळाही आवळत नाही. बाहेर सोडायचे शर्ट वेगळे शिवले: सरळ घेर, चेन जेमतेम अर्धी झाकेल इतकी लांबी. गोल घेराचा लांब शर्ट बाहेर सोडला की झोपेतून उठून आल्यासारखं दिसतं. हे वाक्य आमच्या सौंचं आहे.

लिननबद्दल दोन मतं आहेत. उन्हाळ्यात त्याच्यासारखं काही नाही, पण दुपारच्या मीटिंगपर्यंत कोपरात आणि पाठीवर चुण्या पडतातच. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला तर लिनन पाहिलं की कपाळाला आठ्या घालतो. मला चुण्या चालतात. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत अख्खं गाव पांढरी सुती बाराबंदी घालून निघतं, तिच्या चुण्या कोण मोजतो?

बुटांचा प्रश्न सर्वांत लवकर सुटला. सोलापूरच्या पूर्व भागात कारखानदारांच्या घरी गेलं की बूट दारातच काढायचे, आत चटईवर बसायचं. लेस सोडत दारात ओणवं राहण्यात काय शोभा? तपकिरी लोफर घेतले, त्याच रंगाचा पट्टा घेतला. काळे बूट आता सूटबरोबरच.

सूट अगदीच गेलेले नाहीत. जानेवारीत फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल हे घरगुती कापडमालाचं प्रदर्शन भरतं, तिथल्या थंडीत लोकरीचा कोट उपयोगी पडतो. तिथे बायरच टायशिवाय येतात, त्यामुळे तो जाळीदार नेव्ही आणि ऑक्सफर्डचा शर्ट, एवढ्यात भागतं. कोळशी सूट मेव्हण्याला दिला. त्याचा खांदा माझ्याच मापाचा, आणि छातीवरचा तो फुगा त्याला अजून दिसलेला नाही.

पोलो टी-शर्टचं मात्र जमत नाही. चार धुण्यांत कॉलरची टोकं वर वळतात आणि खांद्याची शिवण दंडावर उतरते. मामांना विचारलं तर त्यांनी हात जोडले. मास्टरांनी बोटांत धरून ताणून पाहिला, परत दिला आणि म्हणाले, "हे विणकाम आपलं नव्हे साहेब. तिरुपूरच्या होजिअरीवाल्यांना विचारा."