स्वस्तातला ॲनालॉग डिले घ्यायचाय? मग आधी ३०० मिलिसेकंदांचा हिशेब बघा

ठाण्यात गिटार वाजवणाऱ्या पोरांकडून एक प्रश्न सारखा येतो, दादा बजेटमधला ॲनालॉग डिले कोणता घेऊ. डिले म्हणजे वाजवलेली नोट थोड्या वेळाने एकोसारखी परत ऐकवणारं पेडल. विचारणाऱ्याने आधीच ढीगभर व्हिडिओ बघितलेले असतात आणि त्या व्हिडिओंत सगळीच पेडल्स भारी वाजतात, कारण तिथे गिटार एकटीच वाजत असते, मागे ना तबला ना बास ना गाणारा. डिले कसा आहे हे खरं कळतं ते चार जणांत, छोट्याशा जॅमरूममध्ये, जिथे ड्रमर अंगावर येत असतो आणि गाणारीचा माइक शिट्ट्या मारत असतो. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो, लांबलं तर लांबू दे.

आधी आतमध्ये काय होतं ते बघू, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावरच आहे. खऱ्या ॲनालॉग डिलेत बीबीडी नावाची चिप असते, म्हणजे बकेट ब्रिगेड डिव्हाइस. १९६९ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर या दोघांनी ही शोधून काढली. गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेने उभी राहतात आणि बादल्या हातोहात पुढे सरकवतात ना, तसं. चिपमध्ये ओळीने हजारो बारीक कपॅसिटर असतात, गिटारचा सिग्नल व्होल्टेज म्हणून पहिल्यात भरला जातो आणि क्लॉकच्या ठोक्याबरोबर पुढे पुढे सरकत शेवटच्यातून बाहेर पडतो. त्याला लागलेला वेळ म्हणजे तुमचा डिले. कुठेही त्याचे आकडे होत नाहीत. आणि म्हणूनच रिपिट्स चालू असताना टाइमचा नॉब फिरवला की आवाज वर चढतो किंवा खाली घसरतो, कारण आत भरलेला माल वेगळ्याच वेगाने बाहेर यायला लागतो.

आता गणित, घाबरू नका, एका ओळीचं आहे. डिलेचा वेळ म्हणजे स्टेजेसची (ओळीतल्या त्या बादल्यांची) संख्या भागिले क्लॉकची दुप्पट. पॅनासॉनिकच्या त्या नावाजलेल्या एमएन ३००५ चिपमध्ये ४०९६ स्टेज असायच्या, क्लॉक १० किलोहर्ट्झवर चालवला तर २०४.८ मिलिसेकंद मिळतात. ३०० हवे असतील तर क्लॉक साधारण ६.८ किलोहर्ट्झपर्यंत खाली आणावा लागतो, आणि क्लॉकच्या निम्म्यावरचं काही त्यातून धड जात नाही, म्हणजे साधारण ३.४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं फिल्टरने कापायचं, नाहीतर क्लॉकचीच शिट्टी ऐकू येते. प्रत्यक्षात फिल्टर त्याच्याही खालीच लावतात. ॲनालॉग डिलेचा आवाज अंधारा, मऊ, गोल का असतो याचं उत्तर एवढंच आहे. बॉसचं डीएम-२ १९८१ मध्ये आलं ते याच एमएन ३००५ वर आणि त्याची कमाल मर्यादा ३०० मिलिसेकंदच होती, आजही स्वस्तातली खरी बीबीडी पेडल्स बहुतेक तिथेच थांबतात.

मग बाजारात स्वस्तात ५००-६०० मिलिसेकंदवाली ‘ॲनालॉग’ पेडल्स दिसतात ती काय आहेत? त्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात पीटी २३९९ असते. ही तैवानच्या प्रिन्सटन टेक्नॉलॉजीची चिप, मुळात कराओकेच्या एकोसाठी बनवलेली, आणि ती डिजिटल आहे, आत आवाजाचे आकडे होतात, छोट्याशा मेमरीत बसतात आणि परत आवाज होऊन बाहेर येतात. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेलात तर या चिपवरची तयार एको बोर्डं किरकोळ पैशात मिळतात. गणपतीच्या मांडवात आरतीला माइकवर जो एको मारतात ना, तसल्या कामासाठीच ही जन्माला आलेली. डॉनरचं यलो फॉल आणि जोयोचं जेएफ-३३ ही दोन्ही पेडल्स ॲनालॉग डिले म्हणून विकली जातात आणि दोन्ही पीटी २३९९ वरची आहेत. यात वाईट काही नाही, पीटी २३९९ चा आवाजही बऱ्यापैकी मऊ असतो कारण तिच्याभोवतीही फिल्टर लावलेले असतात, आणि ज्याला लांब डिले हवाय आणि खिशात फार पैसे नाहीत त्याने यलो फॉल खुशाल घ्यावं. फक्त बॉक्सवर ॲनालॉग लिहिलंय म्हणून बीबीडीचा आवाज मिळेल या आशेवर घेऊ नका.

खऱ्या बीबीडीत सगळ्यात स्वस्त मिळतं ते बेरिंगरचं व्हीडी ४००. प्लास्टिकची बॉडी, ३०० मिलिसेकंद, तीन नॉब, आवाज त्या जुन्या बॉसच्या वळणाचा. लोक प्लास्टिक बघून नाक मुरडतात पण आतलं सर्किट खरं आहे. त्याची एकच गोष्ट मला मनापासून त्रासदायक वाटते, बॅटरी बदलायची तर बिजागरीच्या दोन्ही बाजूंच्या खिळ्या टोकदार काहीतरी घालून आत दाबाव्या लागतात, मग वरचं झाकण निघतं, आणि हे काम स्टेजच्या मागे मोबाइलच्या टॉर्चमध्ये करायची वेळ कोणावर येऊ नये. ॲडॉप्टरवरच चालवा.

दुसरं टीसी इलेक्ट्रॉनिकचं एकोब्रेन. हेही बीबीडी, हेही ३०० मिलिसेकंद, पण धातूची दणकट बॉडी आणि ट्रू बायपास, म्हणजे पेडल बंद असताना सिग्नल सर्किटला न लागता सरळ पुढे जातो. टीसी आणि बेरिंगर २०१५ पासून एकाच ग्रुपमध्ये आहेत, आणि जुन्या पॅनासॉनिक चिपच्या नकला नव्याने बनवणारी कूलऑडिओ ही कंपनीही त्याच घरातली, त्यामुळे खरा बीबीडी इतक्या कमी पैशात मिळायला लागला यात नवल नाही. पॅनासॉनिकने या चिप बनवणं बंद केल्यावर मधल्या काळात ॲनालॉग डिले ही महागडी चैन होऊन बसली होती.

त्याच्या वरच्या पायरीवर इलेक्ट्रो हार्मोनिक्सचं मेमरी टॉय आहे, ५५० मिलिसेकंद आणि एका स्विचवर मॉड्युलेशन, म्हणजे एको किंचित लहरता होतो. आयबानेझचं ॲनालॉग डिले मिनी आहे, ६०० मिलिसेकंद, एवढीशी डबी, बोर्डवर जागा नसेल त्यांच्यासाठी. आणि मग एमएक्सआरचं कार्बन कॉपी, २००८ मध्ये आलेलं, ६०० मिलिसेकंद, मॉड्युलेशनची रुंदी आणि वेग ठरवायला आतमध्ये दोन छोटे ट्रिमर, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे नॉब. हे आपल्याकडे नवं घ्यायचं तर पाच आकडी रक्कम लागते, त्यामुळे ‘स्वस्त’ म्हणवत नाही, पण सेकंड हँड मिळालं तर सोडू नका. बॉसचं डीएम-२डब्ल्यू तर अजून वर, त्यात कस्टम मोडवर ८०० मिलिसेकंदांपर्यंत जाता येतं, आवाज अप्रतिम आहे, या पोस्टच्या बजेटमध्ये बसत नाही एवढंच.

आता मुद्द्याचं. ३०० पुरतात का?

तुम्हाला ते डॉटेड एट्थवालं वाजवायचं असेल, म्हणजे एक नोट वाजवली की मधल्या जागेत एको पडून दोन गिटारांसारखं वाटतं ते, तर एको पाऊण ठोक्यावर यावा लागतो, म्हणजे १२० च्या टेम्पोला (मिनिटाला १२० ठोके) ३७५ मिलिसेकंद लागतात. १०० ला ४५०. ३०० मिलिसेकंदांत हे बसवायचं तर टेम्पो १५० च्या खाली उतरून चालत नाही. म्हणजे हे काम व्हीडी ४०० किंवा एकोब्रेनचं नाहीच, त्यासाठी सरळ टॅप टेम्पोवाला, म्हणजे पायाने ठोका देऊन वेळ बसवता येणारा डिजिटल घ्या, अडून बसू नका. पण साधा एट्थ नोटचा, म्हणजे अर्ध्या ठोक्याचा एको १०० च्या टेम्पोला बरोब्बर ३०० येतो. ९० च्या लयीतल्या केरव्याच्या गाण्यात ट्रिपलेट (ठोक्याचा तिसरा हिस्सा) २२२ ला बसतो, आणि स्लॅपबॅक, म्हणजे झटकन येणारा एकच एको, तर ८० ते १४० च्या मधेच असतो, तिथे कुठल्याही पेडलला जागाच जागा आहे. सोलो जरा भरल्यासारखा वाटावा, आर्पेजिओच्या मागे थोडी ओल राहावी, एवढंच काम असेल तर २५०-२८० वर नॉब ठेवून महिनोन्महिने हात लावायची गरज पडत नाही.

आणि अंधाऱ्या आवाजाचा फायदा कुठे कळतो सांगतो. आम्ही वागळे इस्टेटमधल्या एका जॅमरूममध्ये व्हीडी ४००, एकोब्रेन आणि ऐरोलीहून आलेल्या मित्राचं यलो फॉल एकामागोमाग लावून बघितलं, गिटार एकच, क्यूब ॲम्प एकच, टाइम कानाने तिन्हींचा सारखा केला. आधी तार हाताने दाबून नुसता पिकचा ठोका मारला. बीबीडीवर पहिला एको ‘टक’, दुसरा ‘टप’, तिसऱ्याला पिकची धारच गेली, नुसता ‘ठुप’, चौथा ऐकू येण्यापेक्षा जाणवतोच. यलो फॉलवर पिकची धार दोन-तीन एको टिकते, आणि एकट्याने ऐकताना तेच जास्त छान वाटलं, हे प्रामाणिकपणे सांगतो. टाइम पार टोकाला नेला तेव्हा मात्र शेपटीला बारीक किरकिर यायला लागली, पीटी २३९९ ला ताणलं की ती येतेच.

मग गाणारी उभी राहिली आणि एक भावगीत सुरू केलं आणि सगळं उलटलं. शब्द स्पष्ट कळायला आवाजातला साधारण २ ते ४ किलोहर्ट्झचा भाग लागतो, त, च, श, स ही अक्षरं तिथे आणि त्याच्याही वर फुटतात. धार असलेला एको नेमका त्याच जागेत येऊन ठोकत होता, ती ‘श’ म्हणतेय आणि माझ्या मागच्या नोटचा पिक तिच्या ‘श’ वर पडतोय. व्हीडी ४०० लावलं, मिक्सचा नॉब उलट अजून वर नेला, आणि तरी तिचा एकही शब्द झाकला गेला नाही, कारण त्या जागेतला बराचसा आवाज फिल्टरने आधीच काढून टाकलेला. आपलं मराठी गाणं शब्दावर उभं असतं हो, शब्द गेला की गाणं गेलं. म्हणून मला वाटतं की मराठी गाण्याला साथ करणाऱ्या गिटारवाल्यासाठी ही स्वस्त, ३०० मिलिसेकंदवाली, ‘कमी फीचर’ची पेडल्स महागड्या लख्ख डिजिटलपेक्षा जास्त कामाची आहेत, आणि हे मी पैसे वाचतात म्हणून म्हणत नाहीये.

थोडं आवाजाच्या खरखरीबद्दल. बीबीडी हिस करतेच, म्हणून चांगल्या सर्किटमध्ये कॉम्पँडर असतो, तो सिग्नल आधी दाबतो, चिपमधून बाहेर आल्यावर परत फुलवतो, त्यात हिस खाली जाते. तरी टाइम फुल केला की थोडी सळसळ राहणारच, बँडमध्ये ती कोणालाही ऐकू येत नाही. पण बारीक शिट्टी ऐकू येत असेल तर बहुतेक वेळा दोष पेडलचा नसतो, एकाच ॲडॉप्टरवर डेझी चेनने (एकाच वायरच्या फाट्यांवर) चार पेडल्स लटकवलेली असतात आणि त्यातलं एखादं डिजिटल असतं, दोघांचे क्लॉक पॉवरच्या वायरमधून एकमेकांत मिसळतात. डिलेला वेगळा ॲडॉप्टर द्या किंवा आयसोलेटेड पॉवर सप्लाय घ्या, शिट्टी गायब होते. पेडल नवीन घ्यायच्या आधी हे करून बघा, पुष्कळ पैसे वाचतील.

डिले लावायची जागा कुठे, तर ओव्हरड्राइव्हच्या, म्हणजे आवाज फाडणाऱ्या पेडलच्या नंतर. आधी लावलं तर सगळे एको ड्राइव्हमध्ये चिरडून निघतात आणि सोलोचा चिखल होतो. घरच्या छोट्या ॲम्पला इफेक्ट्स लूप, म्हणजे ॲम्पच्या स्वतःच्या ड्राइव्हनंतर पेडल जोडायची जागा, नसतो बहुतेकदा, मग ॲम्प क्लीन ठेवून ड्राइव्ह पेडलवरून घ्या, प्रश्न मिटतो.

तर माझा कौल सांगायचा झाला तर, पहिलाच डिले असेल आणि बँडमध्ये गाण्याला साथ करायची असेल तर एकोब्रेन, अगदीच हात आखडता असेल तर व्हीडी ४००, डोळे झाकून. घरी एकटे लांब लांब लेयर करत बसणार असाल तर यलो फॉल. थोडं थांबून पैसे साठवता येत असतील तर सेकंड हँड कार्बन कॉपी, कारण त्यात ६०० मिलिसेकंदही मिळतात आणि अंधारही तसाच राहतो.

सेकंड हँड बघायला जाल तेव्हा स्वतःची गिटार आणि केबल न्या. फीडबॅकचा नॉब (एको किती वेळा परत यायचा ते ठरवणारा) हळूहळू पूर्ण वर करा, खऱ्या ॲनालॉग डिलेने शेवटी स्वतःहून घुमायला लागलं पाहिजे आणि नॉब खाली आणला की गप्प व्हायला पाहिजे. साधी क्लीन नोट वाजवूनही रिपिट्स फाटके येत असतील तर आतला बायसचा (चिपला योग्य व्होल्टेज देणारा) ट्रिमर हललेला असू शकतो, दुरुस्त होतं, पण किंमत त्या हिशेबाने पाडून मागा. बॅटरीचा कप्पा उघडून बघाच, आपल्याकडच्या पावसाळ्यात जुनी बॅटरी आत तशीच राहिली की क्लिप हिरवी पडते आणि वायरसुद्धा खाल्ली जाते. आणि विकणारा सोबत देईल तो ॲडॉप्टर ९ व्होल्ट सेंटर निगेटिव्हच (मधली बाजू उणे) आहे ना, हे पिन घालायच्या आधी वाचून घ्या.